बिनओरखड्याचे हात

“ताई, सगळ्या पोस्टरवर ‘सुरक्षित संबंध ठेवा’ असं लिहिलंय. पण सुरक्षित म्हणजे नेमकं काय करायचं, ते एकाही पोस्टरवर का नाही?”

दहावी ‘ब’चा वर्ग आधी चिडीचूप झाला आणि मग हसत सुटला. मागच्या मुलांनी बाकं बडवली, भूगोलाच्या सरांना अचानक खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं, आणि वेदिकाच्या शेजारी बसलेल्या सृष्टीने ओढणीत तोंड खुपसलं. पैज तिचीच होती. ‘विचारून दाखव, पाणीपुरी माझ्याकडून!’ वर्षभरापूर्वीची वेदिका हजेरीला ‘येस सर’ म्हणतानाही लाजायची. पण गॅदरिंगला सूत्रसंचालन केल्यापासून तिला स्वतःच्या आवाजाची चटकच लागली होती. ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

एचआयव्हीची माहिती द्यायला सरकारी दवाखान्यातून आलेल्या समुपदेशक ताई मात्र हसल्या नाहीत. “बरं झालं कुणीतरी विचारलं. पोस्टर छापणारेसुद्धा लाजतात, बाळा,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं. कंडोम म्हणजे काय, तो का वापरायचा. शंका आली की तपासणी करून घ्यायची. ती फुकट असते आणि नाव बाहेर जात नाही. एकाची सुई दुसऱ्याला टोचायची नाही. भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात त्या बोलत होत्या. बाकं बडवणारेही गपगुमान ऐकायला लागले.

“आणि एचआयव्ही झाला म्हणजे माणूस संपला, असं आता राहिलं नाही. रोज ठरल्या वेळी गोळी घ्यायची, बस. माझ्याकडे येणारे कितीतरी जण मोबाइलला गजर लावतात.”

गजर म्हटल्याबरोबर वेदिका खाली बसली. पैज जिंकल्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

मखमलाबादच्या पुढे त्यांचा गुलाबाचा मळा. मळ्याच्या टोकाला पत्र्याची एक खोली, आणि त्या खोलीत सविताकाकू. रोज रात्री आठला काकूचा जुना मोबाइल वाजायचा, तो पार घरापर्यंत ऐकू यायचा. ‘तिच्या रक्तवाढीच्या गोळ्यांची वेळ झाली,’ मम्मी सांगायची. संतोषकाका द्राक्षांचे ट्रक घेऊन परराज्यात जायचे. वेदिका बालवाडीत असताना ते आजारी पडून वारले, आणि तेव्हापासून काकू त्या खोलीत गेली ती गेलीच. तिचं ताट वेगळं, काठावर लाल नेलपेंटचा ठिपका. ठिपका पुसट झाला की मम्मी वेदिकाचीच बाटली मागून न्यायची, आणि वेदिकाही काही न विचारता द्यायची. गोठा, धुणं, चारा काकूकडे. पण गुलाबाच्या ओळीत तिने पाऊल टाकायचं नाही. का, तर काटा. काट्याला रक्त लागतं, आणि तोच काटा उद्या दुसऱ्याच्या बोटात जातो.

तास संपला. ताई व्हरांड्यात पोस्टर गुंडाळत होत्या. वेदिका एकटीच त्यांच्यापाशी गेली. या वेळी पैज नव्हती, आणि आवाजही कुठे गेला होता कोण जाणे.

“ताई, गुलाब खुडताना एकाला काटा लागला, रक्त आलं. तोच काटा मग दुसऱ्याला लागला तर?”

ताईंची नजर तिच्या ओरखडलेल्या बोटांवर गेली. “नाही होत. काट्याने एचआयव्ही होत नाही. एका ताटात जेवून नाही, मिठी मारून नाही. नेमाने गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात तर तो बहुतेकदा तपासणीतही सापडत नाही.” मग हळूच त्यांनी विचारलं, “घरात आहे का गं कुणाला?”

“छे, असंच विचारलं,” वेदिका म्हणाली. आणि बोलून गेल्यावर तिला कळलं, की आपणही आत्ताच काकूला पत्र्याच्या खोलीत लोटून दार लावून घेतलं.

तिने सायकल दामटली ती थेट त्या खोलीपाशी. काकू उंबऱ्यात बसून गोधडीला टाके घालत होती.

“काकू, काट्याने होत नाही! ताटाने होत नाही! दवाखान्यातल्या ताईंनी सांगितलं आज. तू फुलं खुडू शकतेस!”

वेदिकाला वाटलं होतं, काकू रडेल. निदान सुई तरी खाली ठेवेल. काकूने टाका ओढून घेतला.

“मला माहितीये, वेदू.”

“माहितीये?”

“पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं. तुझ्या पप्पांना शेजारी बसवून सांगितलं.”

“मग?”

“मग काय! घरी येताना रस्त्यात रडले ते. म्हणाले, सविता, मला पटतंय गं, पण बाजाराला कसं पटवू? यांच्या फुलांना हात लावू नका, असं एकाने जरी म्हटलं तरी खायचं काय? मी म्हटलं, राहू द्या भाऊ.”

घरच्यांना माहीत नाही म्हणून असं झालं, हे वेदिकाने शाळेपासून मळ्यापर्यंत स्वतःला समजावत आणलं होतं.

“हे बघ,” काकूने दोन्ही हात पुढे केले. या घरातल्या बायकांचे हात गुलाबाने चिरलेले; मम्मीचे, वेदिकाचेही. काकूच्या हातांवर एकही ओरखडा नव्हता. “लग्न होऊन आले तेव्हा माझ्याइतकं भरभर कुणी खुडत नव्हतं. संध्याकाळी तुझे काका सुईने काटा काढून द्यायचे. मी मुद्दाम ओरडायचे लय.” ती जराशी हसली. “आता काढायला काटाच नाय.”

“उद्या चल ना माझ्या ओळीत. जेवायला तरी ये आज.”

“नको गं. सवय मोडली. चार माणसांत घास उतरायचा नाय आता.” वेदिकाचा गाल पुसायला तिने हात उचलला. तो मध्येच थांबला आणि पदराला पुसला गेला. वेदिकाने तो हात धरला आणि स्वतःच गालाला लावला. काकू अंग चोरून बसून राहिली.

रात्री पप्पा आणि मम्मी जेवायला बसले. वेदिकाने स्वतःच्या ताटात भाकरी आणि पिठलं वाढून घेतलं, मग नेलपेंटची बाटली आणली आणि ताटाच्या काठावर लाल ठिपका दिला. मम्मीचा हात भाकरीच्या टोपलीतच राहिला.

“हे काय चाललंय?”

तेवढ्यात मळ्याच्या टोकाला मोबाइल वाजायला लागला. पप्पांनी मान खाली घातली. कसला ठिपका, कशासाठी, त्यांनी काहीच विचारलं नाही.

वेदिका ताट हातात घेऊन उभी राहिली. “पप्पा, बाजाराला पटवायचं तर पटवा, नाहीतर राहू द्या. काकू इकडं येणार नाही म्हणते, म्हणून मी तिकडं चाललेय. आजपासून मी तिच्याजवळच जेवणार. आणि मम्मी, हे ताट आता इकडच्या मांडणीत लावू नकोस.”