बंदरातल्या अठरा घोंगड्या

दुबलगुंडीचा बिराप्पा घोंगड्या विणायचा, आणि नामी विणायचा. चिंचोक्याची खळ अशी चढवायचा की नवी घोंगडी उभी केली तर घटकाभर आपल्या पायावर उभी राहावी. दोष म्हणाल तर एकच. जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला अगोदरच ठाऊक आहे, असं त्याला मनापासून वाटायचं.

निजामावर पोलीस ॲक्शन होऊन वर्ष उलटलं तरी हुमनाबादचा बाजार धड भरत नव्हता. कुणीतरी सांगितलं की पार पूर्वेला, समुद्राकाठी मच्छलीपट्टणात, बोटीवर जाणारे लोक असलं जाडंभरडं घेतात. झालं! दिवाळी होताच बिराप्पानं अठरा घोंगड्यांची दोन गाठोडी बांधली.

"मी बी येते," बायको अंबुबाई म्हणाली.

"तू कामून?"

"तिकडं तेलुगू बोलत्यात. तुमाला येतंय व्हय?"

बिराप्पाला कन्नड यायचं, दख्खनी यायचं, तेलुगू तेवढं यायचं नाही. अंबुबाईचं माहेर औरादकडचं, तिला ते लहानपणापासून यायचं. त्यानं एक गाठोडं तिच्या डोक्यावर दिलं आणि निघाला.

बंदरात चंद्रम्मा नावाच्या एका विधवा बाईची भाताची खानावळ होती. तिच्या ओसरीवर दोघांनी बिऱ्हाड मांडलं. हवा अशी दमट की अंगातला सदरा पिळून घ्यावा. अशा गावात बिराप्पा भर दुपारी चौकात घोंगड्या पसरून बसला. लोक यायचे, हात लावून बघायचे, एकमेकांशी बोलायचे आणि पोट धरून हसायचे.

"काय म्हनायलेत?"

"घोंगडी लई चांगली हाय म्हनायलेत," अंबुबाई म्हणाली.

"मंग हासायलेत कामून?"

"आनंदानं."

तीन दिवसांत एकही घोंगडी खपली नाही. चौथ्या दिवशी सकाळपासून वारा सुटला. चंद्रम्मानं आभाळाकडं पाहिलं, चुलीतली लाकडं विझवली आणि सगळ्यांना माडीवर चला म्हणाली. बिराप्पा ओसरीवरच बसून राहिला.

"हे वारं व्हय? आमच्या माळावर आखाडात..." त्यानं सुरू केलं, तोच समोरच्या वखारीचा पत्रा उपटून त्याच्या डोक्यावरून गेला. उरलेलं वाक्य त्यानं माडीवर जाऊन पुरं केलं, तेही मनातल्या मनात.

माडीवर शेजारपाजारचे धरून चौदा माणसं होती. खाली समुद्र गल्लीत शिरला. काळं पाणी एकेक पायरी चढत होतं, आणि त्याच्यावरून दारं, टोपल्या, मेलेल्या कोंबड्या तरंगत चालल्या होत्या. भिंत हलायची तसं कुणीतरी देवाचं नाव घ्यायचं. स्वयंपाकघराचं छप्पर गेलं. बिराप्पानं गाठोडी सोडून पोरांबाळांच्या अंगावर घोंगड्या टाकल्या आणि भिंतीला टेकून बसला. अंबुबाईचा हात त्यानं धीर द्यायला धरला होता. निदान त्याचं म्हणणं तसं. तिच्या मनगटावर मात्र त्याच्या बोटांचे वळ दोन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी उतरून पाहतात तर गाव ओळखू येईना. माडाची झाडं पीळ दिल्यासारखी मोडली होती. एक मचवा गल्लीत येऊन एका घराला टेकून उभा होता. चंद्रम्माच्या दिराचं घर होतं तिथं नुसता चौथरा राहिला होता. दीर आणि त्याची बायको सापडले नाहीत. त्यांच्या दोन तान्ह्या जुळ्या मुली आदल्या दिवशी चंद्रम्माकडं होत्या म्हणून वाचल्या. त्या दिवशी बिराप्पा गावच्या माणसांबरोबर चिखल उपसत राहिला.

खरी अडचण पाण्याची झाली. विहिरींत समुद्र उतरला होता. बिराप्पानं घोटभर तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. हंडे वाहून गेलेले, वाट तुटलेली, जुळ्या मुली रडून रडून सुकलेल्या. आभाळ मात्र अजून भरलेलं होतं. त्यानं वर पाहिलं आणि कोरी, खळीची घोंगडी उचलली. स्वयंपाकघराचे चार खांब उभेच होते. त्यांना चार कोपरे बांधले, मधोमध धोंडा ठेवून झोळ केला आणि खाली चंद्रम्माचं उरलेलं एकुलतं पातेलं सरकवलं. मेंढरं घेऊन माळावर फिरणाऱ्या त्याच्या बापानं असंच पाणी धरलं होतं.

पाऊस आला. पहिलं पातेलं खळीनं गढूळ झालेलं, ते त्यानं ओतून दिलं. दुसरं भरलं तसं चंद्रम्मानं मुलींच्या तोंडात बोटानं थेंब थेंब सोडला. संध्याकाळपर्यंत अठराच्या अठरा घोंगड्या गल्लीभर ताणल्या गेल्या. जे पोट धरून हसले होते, तेच आता कोपरे धरून उभे होते. बिराप्पा मुकादमासारखा ओरडत फिरत होता, "आरं, झोळ मधी ठिवा, मधी!" भाषा कळत नसूनही सगळे तसं करत होते.

चंद्रम्मा त्याच्यापुढं हात जोडून बराच वेळ बोलली.

"काय म्हनायलीय?"

"पाण्याला मेंढीचा वास येतोय म्हनायलीय."

"येवढंच? केवढा येळ बोलायलीय ती!"

"वास लई येतोय म्हनायलीय."

बिराप्पा हिरमुसला, पण झोळ नीट करत राहिला. दहाव्या दिवशी रेल्वे चालू झाली. घोंगड्या त्यानं तिथंच ठेवल्या.

गाडीत बसून बेझवाडा स्टेशन मागं पडल्यावर अंबुबाई म्हणाली, "ती वासाचं बोललीच न्हाई."

"मंग?"

"पोरी जगल्या, म्हनली. माझा पाठचा भाऊ असता तर त्यानं यापरीस काय केलं असतं, म्हनली. तवाच सांगितलं असतं तर तुमी रडत बसला असता, आन् झोळ कुनी बघितला असता?"

बिराप्पा खिडकीबाहेर बघू लागला. भाताची शेतं भुईसपाट झाली होती. मग त्यानं विचारलं, "पाठचा? ती माझ्याहून मोठी हाय व्हय?"

"केस बघितलं न्हाईत का तिचं?"

सिकंदराबादला गाडी बदलायची होती. बिराप्पा फलाटाबाहेर गेला. पोस्टाबाहेर बसून पत्रं लिहून देणाऱ्या कारकुनाला दख्खनीत सांगून त्यानं तेलुगूत एक कार्ड लिहून घेतलं. कारकून कार्डाच्या कडेकडेनंही लिहीत होता, इतका मजकूर निघाला. अंबुबाईनं काय लिहिलं म्हणून विचारलं, पण त्यानं सांगितलं नाही. कार्ड पेटीत टाकून तो परत आला, तेव्हा ती गरम चहाचे दोन पेले घेऊन उभी होती.