चौदाशे त्रेसष्टचा डावा बफर

मी हे सांगणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा गप्प बसलो, कारण यात माझी काही शोभा नाही. बाकीच्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा त्या कशा बिचाऱ्या असतात, सगळ्यांचं भलं चिंतणाऱ्या. मी तसा नाही. मी दोन वर्षं एका माणसाचा जीव घ्यायची वाट बघत होतो. आणि त्यातही माणूस चुकीचा धरला होता.

तर मित्रांनो, मी एक जुना बफर आहे. इंजिनाच्या तोंडावर दोन बाजूंना दोन गोल लोखंडी तबकड्या असतात ना, त्यातला डावा मी. उजवा माझा दोस्त. आम्ही एकाच दिवशी, एकाच भट्टीत ओतलेले. दोघांच्या पोटात एकेक जाडजूड स्प्रिंग. काम एकच, धक्का खायचा. डबा येऊन आपटला की आत जायचं, धक्का पोटात घ्यायचा, पुन्हा बाहेर यायचं. आत कुणीही जातं. बाहेर येता आलं पाहिजे.

आमचं इंजिन छोटं होतं, नंबर चौदाशे त्रेसष्ट. डोंगरातल्या कुम हेलिगपासून खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या पॉन्टवेनपर्यंत, सात मैल. वर जाताना धापा, खाली येताना ब्रेक. सकाळी कोळसा, मग शाळेची पोरं, शनिवारी बाजाराच्या बाया. चौतीस वर्षं हेच. रग्बीचा मोठा सामना असला की आमचा ड्रायव्हर गोमर आम्हा दोघांना तेल आणि विटेची पूड लावून असा घासायचा की सामन्याला जाणारे लोक माझ्यात तोंड बघून टाय सारखा करायचे. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, जगात माझ्याइतका सुखी बफर नाही.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या खोऱ्यात दर तिसरा माणूस जोन्स किंवा डेव्हिस, म्हणून प्रत्येकाच्या नावाला काहीतरी चिकटवतात. पाव विकणारा तो जोन्स पाव. तो मेला तरी त्याची बायको मिसेस पावच, आणि नातवाने वकिली केली तरी तो पावचा नातूच. चिकटलेलं नाव थडग्यात गेल्यावरही सुटत नाही. गोमर वेळेचा पक्का म्हणून तो गोमर घड्याळ. फायरमन एल्विन सव्वासहा फूट उंच, म्हणून एल्विन शिडी.

जानेवारीतली सकाळ. रुळांवर बर्फाचा पापुद्रा. गोमर म्हणाला, "घे लेका, आज तू चालव. किती दिवस कोळसा फेकणार?" एल्विनने हँडल हातात घेतलं. पॉन्टवेनच्या शेवटच्या फलाटाला आम्ही आलो आणि ब्रेक लावला तरी चाकं घसरत राहिली.

"काका, थांबत नाहीये."

"थांबेल. ओरडू नकोस, गाडीला समजतं."

थांबली. पण रुळांच्या टोकाला असतो त्या ठोकळ्यावर आपटून थांबली, आणि तीही तिरकी, सगळा भार माझ्यावर. मी आत गेलो. माझ्या मागची दांडी वाकली. बाहेर येता येईना.

दोघं खाली उतरले. गोमरने मला हाताने चाचपलं.

"आत अडकलाय. स्प्रिंग पुरती दाबलेली आहे आतमध्ये."

"वहीत लिहायचं का?"

"वेडा आहेस का?"

वही म्हणजे शेडमधली दुरुस्तीची वही. पूर्वी तिच्यात बिघाड लिहिला की फिटर दुरुस्त करायचा. पण त्या वर्षांत डिझेल यायला लागलं होतं. वाफेच्या इंजिनावर वरचे लोक एक खिळाही वाया घालवेनात. वहीत ओळ लिहिली की इंजिन थेट भंगारात. म्हणून गोमरनेच, तो युनियनचा अध्यक्ष होता, सगळ्यांकडून शपथ घेतली होती. चॅपलमध्ये देवासमोर नाही, शेडमधल्या चहाच्या किटलीवर हात ठेवून. वहीत कुणी काही लिहायचं नाही. इंजिनं जगली तर लाइन जगेल, लाइन जगली तर आपण.

तेव्हा गोमरने माझ्यावर ग्रीस आणि काजळी थापली आणि म्हणाला, "आता याच्या आईलाही कळायचं नाही."

चौदा महिने मी तसाच. पोटात दाबलेली स्प्रिंग घेऊन. सगळे धक्के एकटा उजवा खायचा. मी विचारायचो, "दुखतंय का रे?" तो म्हणायचा, "चालायचंच." मी पुढे विचारत नसे. मला माझंच पडलेलं होतं.

मग इंजिनाच्या भट्टीतला एक बोल्ट गळायला लागला. आधी थेंब, मग फुस्स. एके दिवशी वाफेचा फवारा एल्विनच्या कानाजवळून गेला. केस होरपळले तेवढ्यावर निभावलं. त्याची बायको नेस्टा तेव्हा पोटुशी होती. आठवड्याने कुणीतरी वहीत ओळ लिहिली. त्याच दुपारी आमच्या टाकीवर खडूने भंगाराची फुली पडली.

मी शेडमधल्या मेसच्या खिडकीकडे तोंड करून उभा होतो, त्यामुळे सगळं पाहिलं. अठरा माणसं बसली होती. ट्रेव्हर म्हणून एक म्हातारा फिटर होता, त्याने विचारलं, "कोणी लिहिलं?" वहीचं ते पान साहेबांनी आधीच काढून नेलेलं. मग एल्विन उभा राहिला, डोकं छताला लागत होतं.

"मी."

ट्रेव्हर म्हणाला, "शाबास, एल्विन वही."

झालं. त्या क्षणी नाव बदललं. गोमर बुटांकडे बघत बसला होता. मला वाटलं, म्हातारा दुःखी झालाय.

त्यानंतर एल्विनशी शेडमध्ये कुणी बोललं नाही. त्याच्या पाळीला जोडीदार मिळेना. दोन महिन्यांत त्याने रेल्वे सोडली. त्याच वर्षी लाइनही बंद झाली. इंजिन वाचलं असतं तरी ती बंद झालीच असती, हे आता कळतं. तेव्हा मला एकच कळत होतं. याच माणसाने मला वाकवलं आणि याच माणसाने आम्हाला मारलं. मी पोटातल्या स्प्रिंगला सांगितलं, सैल पडू नकोस. तुझं काम आहे.

समुद्राकाठच्या भंगाराच्या यार्डात आम्ही दोन वर्षं उभे होतो. खारी हवा. रोज पुढचं एक इंजिन कमी व्हायचं. काचा गेल्या, पितळ गेलं, शिट्टी कुणीतरी आधीच नेली होती. मला ना कुणी तेल लावलं, ना माझ्यात बघून कुणी टाय सारखा केला. एके सोमवारी गॅसकटर घेऊन एक नवा माणूस आला. सव्वासहा फूट.

खोऱ्यात वहीला काम कोण देणार? भंगारवाल्याने दिलं.

मला इतका आनंद रग्बीच्या दिवशीही झाला नव्हता. इंजिन मागून पुढे कापतात. आधी केबिन, मग टाकी, मग बॉयलर. म्हणजे तो रोज थोडा थोडा माझ्याकडेच येत होता. मी उजव्याला म्हणायचो, "येऊ दे. माझ्यासमोर उभा राहू दे फक्त."

"सोड रे," उजवा म्हणायचा.

"तुला काय जातंय सोड म्हणायला?"

गुरुवारी उजवा निघाला. सरळ सुटला, ढिगावर जाऊन पडला. मग एल्विन माझ्या मागे आला. दांडीचा मागचा नट कापून काढला. आता मला धरून ठेवायला फक्त ती वाकलेली, गंजलेली दांडी होती. ती जिच्यात अडकली होती त्या नळीला आच लागली की दांडी सुटणार, आणि मी तोफेच्या गोळ्यासारखा समोर. एल्विन बाजूने आच लावायला वाकला, तेवढ्यात यार्डात रविवारची टोपी घातलेला एक म्हातारा आला. गोमर.

तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्यावर हात ठेवला. पोट अगदी मला टेकलेलं.

एल्विनने चष्मा वर केला. "काय काका, वाट चुकलात?"

"नेस्टा म्हणाली इथे असशील."

"आहे की. सगळ्यांना सोडवतोय एकेक करून."

"एल्विन, वहीत मी लिहिलं होतं."

"माहीत आहे. साहेबांनी पान नेण्याआधी मी ते पाहिलेलं. तुमच्यासारखं वाकडं अक्षर अख्ख्या शेडमध्ये कुणाचं नव्हतं."

दोन वर्षांचा राग घेऊन मी चुकीच्या दारात उभा होतो.

गोमर म्हणाला, "वाफ तुझ्या कानाजवळून गेली रे. मला झोप लागेना."

"लिहिलंत ते बरोबरच केलंत. त्याबद्दल मी कधी बोललोय? मी उभा राहिलो कारण किटलीवरची शपथ तुमची होती, तुमची लाज गेली असती. मला वाटलं, म्हातारा शुक्रवारपर्यंत स्वतःच सांगेल. किती शुक्रवार गेले, काका?"

गोमरने टोपी पुढे ओढली.

"माझी पोर लौरी दोन वर्षांची झाली. नेस्टाबरोबर पाव आणायला गेली की बायका म्हणतात, वहीची आली. तिला वाटतं तिचं आडनावच ते."

गोमरने मग मला दोन्ही हातांनी धरलं. "हा अजून दाबलेलाच आहे ना?"

"तुमचीच ग्रीस आहे त्यावर."

"मग लाव आच," गोमर म्हणाला. हलला नाही.

मित्रांनो, मी त्याच्याशीच सहमत होतो. माझा नेम एका क्षणात बदलला होता आणि ते पोट माझ्यापासून एक इंचही लांब नव्हतं. कटर पेटलेला होता. मी मनात ओरडत होतो, लाव. लाव एल्विन. तुझंही फिटेल, माझंही फिटेल.

एल्विनने ज्योत नळीच्या दिशेने नेली. मला तिची ऊब जाणवली. मग त्याने कटर बंद केला.

"नाही काका. इथे मेलात तर कामगारांच्या क्लबात तुमचा फोटो लावतील, काळी फीत लावून. ट्रेव्हर रडेल. आणि माझी लौरी वहीची लौरीच राहील. एवढ्या स्वस्तात नाही सोडणार तुम्हाला."

"मग काय करू?"

"उद्या शुक्रवार. क्लबात उभे राहा आणि ते नाव माझ्या घरातून उचलून तुमच्या घरी घेऊन जा. तोपर्यंत हा डावा असाच राहील."

शनिवारी दुसरा कटरवाला लेन याने विचारलं, "काय रे, आला का काल तुझा म्हातारा?"

"आला. दोनदा उभा राहून खाली बसला. तिसऱ्यांदा बोलला."

"मग?"

"मग मागून ट्रेव्हर म्हणाला, बस खाली, गोमर वही. त्याच्या टेबलावरचे तिघं ग्लास घेऊन दुसरीकडे गेले."

"आणि तुला? माफी बिफी मागितली कुणी?"

"ट्रेव्हर दारात भेटला. म्हणाला, थंडी फार आहे, शिडी."

"दोन वर्षांनी एवढंच?"

"मला तेवढंच हवं होतं," एल्विन म्हणाला.

मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? नट-बोल्ट मोडेपर्यंत खूश झालो. एका म्हाताऱ्याला शेवटच्या दिवसांत ते नाव चिकटलं आणि उद्या ते त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरलेलं नसलं तरी लोक दगडाकडे बघून तेच म्हणणार. त्याला तीन नातवंडं आहेत. त्यांनाही ते चिकटणार. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. आता जरा वाटतं. जराच.

मग एल्विनने यार्ड रिकामं केलं. लेनला एका डब्यामागे उभं केलं, माझ्यासमोर रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर रचले आणि आडोशाला राहून नळीला आच दिली. मी सुटलो. दोन स्लीपर आरपार फोडले आणि तिसऱ्यात रुतलो.

लेन डब्यामागून बाहेर आला. "आयला. समोर कुणी असता तर?"

"होता एकजण," एल्विन म्हणाला आणि हातमोजे झटकले.

आता मी ढिगावर पडलोय. सोमवारी ट्रक येणार, मग भट्टी. मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. तुमच्या चुकीचं ओझं कुणी मुकाट्याने उचललं असेल, तर आजच जाऊन ते परत घ्या. तो काही बोलत नाही म्हणजे त्याला जड होत नाही असं नसतं. आणि वस्तू असो की माणूस, अडकलेला दिसला तर त्याच्यावर ग्रीस थापू नका. सोडवा.

हे मला कसं कळलं ते सांगतो. चौतीस वर्षं रुळांवर आणि दोन यार्डात मी आणि उजवा शेजारी शेजारी होतो, पण दोघांची तोंडं समोर, त्यामुळे एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं. ढिगावर पहिल्यांदा समोरासमोर आलो. त्याच्या तोंडावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा आहे. माझ्या वाटचे चौदा महिन्यांचे धक्के.

"बोलला नाहीस कधी," मी म्हटलं.

"तू रागात होतास," तो म्हणाला. "आता गोमरला माफ करून टाक. भट्टीत हे सगळं घेऊन कशाला जायचं?"

मी त्याच्या तड्याकडे पाहिलं.

"ते नाही जमणार," मी त्याला म्हटलं. "पण दुसरं वचन देतो. वितळून पुन्हा बफर झालो आणि पुन्हा शेजारी लागलो, तर पहिले चौदा महिने तू नुसता बसायचं. येईल तो धक्का मी घेईन, आणि दर वेळी तुला विचारीन, दुखतंय का. आणि उत्तर येईपर्यंत थांबेन."