म्हशीच्या बदल्यात होडी

येसाजीला ओळखणारे म्हणायचे, त्याच्याकडून फुकट काही घेऊ नये आणि बदल्यात तर मुळीच घेऊ नये. तरी त्याची जुनी होडी बघायला लखू आला. एक तर काळी नदीच्या त्या काठाला दुसरी होडी मिळण्यासारखी नव्हती. दुसरं म्हणजे लखूची थोरली बहीण पुतळी ही येसाजीची सून होती. सोयरा कशाला फसवेल, असं त्याला वाटलं. गरिबाला अक्कल नसते असं नाही, पण नात्यात जाताना तो ती घरी ठेवून जातो.

नवी होडी कोरायची तर अख्खं झाड लागतं, आणि रान सरकारजमा झाल्यापासून झाडाला कुऱ्हाड लावणारा थेट कोठडीत जायचा. लखूची होडी पुराने खडकावर आपटून फोडली होती. घरात आई अंथरुणाला खिळलेली. मासे मिळाले तरच त्यांच्या बदल्यात कुणी भात देणार. म्हणून त्याने दावणीची एकुलती एक दुभती म्हैस, चंद्री, रेडकासकट चालवत आणली. होडी पसंत पडली, तर म्हैस येसाजीची.

आता होडीचं खरं सांगतो. दोन उन्हाळे काठावर तापत पडल्याने तिच्या बुडाला हातभर चीर गेली होती. येसाजीने चिरेत राळ आणि कोळशाची पूड भरली, वरून तेल चोपडलं आणि आदल्या दिवशी सुनेला गोठ्यामागे बोलावलं.

"उद्या होडीत तू बसायचं," तो म्हणाला. "चिरंवर टाच दाबून धरायची. तुझा भाऊ हाय, तुझ्यावर इश्वास ठेवंल. होडी खपली की म्हायेरी जा. न्हाई खपली, तर आईचं तोंड इसर."

पुतळीने तीन वर्षं आईला पाहिलं नव्हतं. दरवर्षी उळवीची जत्रा झाली की पाठवतो म्हणायचे, आणि दरवर्षी काहीतरी काम निघायचं. नवऱ्याकडून आशा नव्हती. बापापुढे झिलूची मान वर होत नसे, बायकोपुढे हात तेवढा वर होई. पुतळीने मनाशी ठरवलं, घरी पोचल्यावर लखूला चीर दाखवू, तो नीट बुजवून घेईल. माणूस पाप करायला निघतो तेव्हा अशी एखादी भाबडी सोय करून ठेवतोच. मी तिला नावं ठेवत नाही. ज्याला आईला भेटायला सासऱ्याची परवानगी लागत नाही, त्याने खुशाल ठेवावीत.

लखूने होडी मन लावून बघितली. टोकापासून टोकापर्यंत बोटांनी ठोकून आवाज ऐकला. कुजका वास येतो का हुंगून पाहिलं. दगडांवर घासून बूड झिजतं तिथे हात फिरवला आणि तो थांबला.

"तेल नवं दिसतंय, मामा."

"पावना येणार म्हटल्यावर आपण तोंड धुतो की न्हाई?" येसाजी म्हणाला. जमलेली चार माणसं हसली.

मग रिवाजाप्रमाणे परीक्षा झाली. होडी पाण्यात लोटली की देणाऱ्याच्या घरचं एक माणूस तिच्यात बसतं, घेणारा काठावर विडा चघळतो. विडा संपेपर्यंत बूड कोरडं राहिलं, तर सौदा पक्का. पुतळी होडीत बसली. टाचेखाली राळ मऊ लागत होती. थोड्या वेळाने बोटांच्या मधून गार पाणी वर आलं. तिने लुगड्याचा सोगा त्यावर ओढून घेतला.

"अक्का, पानी लागतंय काय?" लखूने विचारलं.

"न्हाई. कोरडं हाय."

लखूने अर्धा विडा थुंकून टाकला. "अक्का सांगतीया, मग आनी काय बघायचं?" असं म्हणून त्याने चंद्रीचं दावं येसाजीच्या हातात दिलं.

येसाजीने शब्द पाळला, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. "जा की म्हायेरी," तो सुनेला म्हणाला. "भावाच्या होडीतनंच जा."

नाही म्हणायची सोय नव्हती. बहीण-भाऊ निघाले. पहिल्याच उथळ वळणाला बूड दगडांवर खरवडलं, राळ निघाली आणि बघता बघता घोट्याएवढं पाणी झालं. पुतळी ओंजळीने पाणी उपसायला लागली. लखूने तिच्याकडे पाहिलं आणि होडी काठाला लावली. उपडी करून त्याने चिरेतला कोळसा नखाने काढला.

"तुला ठावं व्हतं?"

"आईला बघायचं व्हतं रे."

"आईच्या तोंडचं दूध घालवून?"

"माघारी जाऊन म्हस माग. मी सांगते समद्यांना."

"कुन्या तोंडानं मागू? चार मानसांत तूच कोरडं म्हनलीस. आता तुझं कोन ऐकंल?" त्याने डोक्याचं मुंडासं फाडून चिरेत कोंबलं. होडी सुलटी करून पाण्यात ढकलली आणि एकटाच बसला. "दोघांचं वजन हिला पेलायचं न्हाई."

"मी चालत येते."

"नगं येऊस. म्हस कशी गेली, हे तुझ्या तोंडाकडं बघून आईला समजंल. तिला सुखानं मरू दे."

तो वळणाआड गेला तरी ती तिथेच उभी होती. तिला रडूही येईना. पोरीच्या जातीला दोनच घरं असतात, आणि एकाने तर आत्ताच दार लावलं होतं. ती सासरी परतली.

अंगणात आरडाओरडा चालला होता. धार काढायला बसलेल्या झिलूला चंद्रीने लाथ घातली होती आणि तो मांडी धरून विव्हळत होता. पुतळी पुढे झाली. तिच्या लग्नाआधी चंद्री पारडी होती, तिच्याच हातचं गवत खाऊन वाढलेली. म्हशीने तिचा हात हुंगला, ती निमूट उभी राहिली आणि पुतळी धारेला बसताच तिने पान्हा सोडला.

येसाजी बघत होता. "बरं झालं आलीस," तो खुशीत म्हणाला. "ही दुसऱ्या कुनाला शिवू देत न्हाई. आता तुला म्हायेरी धाडून कसं चालंल?"

ते दूध तिथेच मातीत ओतावं, असं पुतळीला वाटलं. पण मधेच हात थांबवला की म्हैस पान्हा चोरते, हे आईनेच तिला शिकवलं होतं, म्हणून ती धार काढत राहिली.