वाकड्या मानेच्या कोंबड्या

धुरपताबाईच्या अंगणात तीन गावरान कोंबड्या होत्या, तिन्हीच्या माना वाकड्या. एक तं चालताना स्वतःभोवतीच गरगरायची. धुरपताबाईचा पोरगा प्रेमदास त्यांना बघून चिडायचा. तसा तो सगळ्यावरच चिडायचा. नववीत मास्तरनं चारचौघांत कान धरला तं दप्तर तिथंच टाकून आला, तो परत गेलाच न्हाई. आता वारंगा फाट्यावर पंक्चरच्या दुकानात बसायचा अन् तिथंबी दिवसाआड गिऱ्हाइकाशी भांडायचा.

"याडी, ही लुळी फौज काहून पाळून राहिली?" तो आईला म्हणायचा. "मी फाट्यावरून पांढऱ्या आणल्या नं. बघ, कशा टंच हायत."

"ऱ्हाऊ दे की त्याबी. पण अंड्यावर ह्याच बसवायच्या. जरा थंडी पडू दे."

"काहून?"

"उन्हाळ्यात मानमोडीचा रोग आला तवा तांड्यात कोणाच्या घरी कोंबडी उरली का? ह्या तिघी मरणाच्या तोंडातून माघारी आल्या, माना तेवढ्या वाकड्या ऱ्हायल्या. अशा वाचलेल्या कोंबडीची पिल्लं टिकत्यात. मी लगीन होऊन आले तवा रोग आला की खुराडं साफ व्हायचं. एखादी उरली की मी तिचीच अंडी बसवायची. असं करत करत घराला ह्या कोंबड्या लागल्या."

"म्हंजे तू निवडून काढल्या."

"मी कशाला? मी निवडल्या असत्या तं दिसायला गोमट्या निवडल्या असत्या. रोगच निवडून जातो. तो काय ठेवून गेला, तेवढं मी बघते."

"रोगाला मास्तर केलं तू तं!" प्रेमदास हसला अन् सायकलवर टांग टाकून निघून गेला.

तांड्यातल्या बाया हसत नव्हत्या. शेजारच्या पद्माबाईनं तं सांगूनच ठेवलं होतं, "भाबी, पिल्लं निघाली की एक जोडी माझी."

दिवाळी झाली अन् प्रेमदासच्या बहिणीला, शिलाला बघायला पाव्हणे आले. धुरपताबाई चुलीपाशी भाकरी टाकत होती. तिनं आतूनच सांगितलं, "प्रेम्या, पांढरा कोंबडा काप."

पाव्हणे बाजेवर बसलेले. नवऱ्या मुलाचा काका रतनसिंग मोठा बोलघेवडा. तेवढ्यात ती गरगरणारी कोंबडी नेमकी त्याच्या पायाशी आली, फिरली, पडली, उठली, पुन्हा फिरली.

"आरं, हिच्या अंगात आलं का काय?" रतनसिंग म्हणाला. सगळे खदखदले. त्याला अजून चेव चढला. "ह्या घरची पोरगीबी मान बघूनच घ्या गड्यांनो!"

दाराआड उभ्या शिलानं पदर पुढं ओढला. प्रेमदासला ते दिसलं. त्याचे कान तापले. दुसरा कोणी असता तं गचांडीच धरली असती, पण सोयरिकीचा मामला. तोंड उघडता येईना. तो राग मग वाकड्या मानेच्या कोंबड्यांवर गेला. एकेक धरली अन् घरामागं नेऊन कापली. तिन्ही कापल्या अन् तिथंच तीन दगडांवर शिजवल्या. पांढरा कोंबडा मात्र अंगणातच राहू दिला. तुरा ताठ करून तो पाव्हण्यांसमोर ऐटीत चालत होता.

"गावरान ते गावरान," रतनसिंग बोटं चाटत म्हणाला. सोयरीक जमली.

पाव्हणे गेल्यावर धुरपताबाई खरकटं टाकायला घरामागं गेली, तं तिथं तिघींची पिसं पडलेली. आली तवा तिचा चेहरा पार उतरला होता.

"तिन्ही?"

"ते हसून राहिले होते याडी. शिलावर हसले."

"पांढरा काहून न्हाई कापला?"

"दिसायला बरा होता."

धुरपताबाईनं हात धुतले अन् भांडी घासायला बसली. ती ओरडली असती तं त्यानं उलट दोन शब्द तरी सुनावले असते.

उन्हाळ्यात मानमोडी आली. पहिले तो ऐटबाज कोंबडाच गेला. सकाळी मान टाकली, हिरवं हगला, संध्याकाळी पाय ताणले. मग एकीमागं एक सगळ्या लागल्या. सगळ्या सारख्याच टंच अन् मरायलाबी सारख्याच. प्रेमदास फावडं घेऊन नाल्याकाठी खड्डे खणत राहिला. खणताना त्याला वाटलं, रोगानं ठेवावं असं आता घरात काहीच न्हाई. जे ठेवलं होतं ते आपण पाव्हण्यांना वाढलं.

दिवाळीआधीच ऊसतोडीला गेलेली पद्माबाई परत आली. तिच्या घरीबी खुराडं रिकामंच.

"भाबी, त्या वाकड्या मानेच्या दिसत न्हाईत? मी तं त्यांच्या भरोशावर होते. पिल्लं न्हाई काढली?"

प्रेमदास फावडं घेऊन तिथंच उभा.

"मुंगसानं नेल्या," धुरपताबाई म्हणाली. पोराकडं तिनं बघितलंबी न्हाई.

"तिन्ही? बाई गं! मुडदा बसविला त्या मुंगसाचा!"

आई आपल्यासाठी खोटं बोलली अन् शिव्या मुंगसाला बसल्या. दोन थोबाडीत बसल्या असत्या तं बरं, असं त्याला वाटलं. व्हय, मीच कापल्या, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलंबी. पण पद्माबाई तवर रस्त्याला लागली होती, अन् त्यानं तिला हाक मारली न्हाई.

पांढऱ्यातली एकच तलंग, तरणी कोंबडी, उरली होती. ती भिंतीशी पडलेली, डोळे मिटलेले, मान मातीत. घशातून खर्र खर्र आवाज येत होता. प्रेमदासला तो ऐकवेना. तो खाली बसला अन् त्यानं तिच्या मानेला हात घातला.

"काय करून राहिला?"

"लई तकलीफ होऊन राहिली तिला. सोडवतो."

"हात काढ," धुरपताबाई म्हणाली. "तुझं निवडून झालं एकदा. आता तिला मरू दे न्हाईतर जगू दे."

त्यानं हात काढला. वाटीत पाणी आणलं अन् बोट बुडवून चोचीला लावलं. तिनं गिळलं का नुसतं गळ्याशी हललं, कळेना. रस्त्यावरून फाट्याची पोरं हाका मारून राहिली होती, "प्रेम्या, चल की! कोंबडीची दाई झाला का तू?" त्यानं वर बघितलं न्हाई. पुन्हा बोट बुडवलं. ती मरती का जगती हे त्याला बघवत नव्हतं, अन् उठून जाताबी येत नव्हतं.