नाशपातीखालची माणसं

"मोत्रे, ए मोत्रे! ते मशीन तुझ्या नाशपातीकडं वळलं बघ!"

कुंपणापलीकडून शेजारीण याव्दोखा ओरडली तेव्हा मोत्रिया अंगणात बियाण्याचे बटाटे निवडत बसली होती. सकाळपासून चढावर खोदाईची घरघर चालू होती, पण ती पवनचक्कीच्या बाजूला. सैन्याचा खंदक तिकडेच होणार, असे सगळे गाव म्हणत होते. मोत्रियाने मातीचे हात एप्रनला पुसले आणि डोक्याचा रुमाल धड न बांधताच ती फाटकाबाहेर पडली.

"अगं, कुठं निघालीस? वर ते मेलं ड्रोन भिरभिरतंय!" याव्दोखाने आभाळाकडे बोट दाखवले. मोत्रिया थांबेना. मग याव्दोखाच तिला शिव्या घालत मागोमाग निघाली.

तेर्नोवी ब्रिदमध्ये बघण्यासारखे काय, असे कुणी विचारले की गावातले लोक ठरलेली नावे घेत. टेकाडावरची दगडी बाई, फार जुनी मूर्ती. लग्न झाले की नवरा-नवरी तिच्या पायाशी फुले ठेवतात. लाकडी चर्च, त्यात एके काळी सामुदायिक शेतीचे धान्य भरले जाई, आता पुन्हा प्रार्थना होते. आणि पाती गळून नुसते धड उरलेली पवनचक्की. ओढ्याच्या वरच्या उतारावरच्या रानटी नाशपातीचे नाव त्यात कधीच नसे. बघण्यासारखे तिथे काही नव्हतेच.

मोत्रियाला मात्र तिच्या आईने एकदा तिथे नेले होते. बीटाची निंदणी आटपून मायलेकी घरी येत होत्या. आई, हाफिया, वाट सोडून उतारावर गेली, नाशपातीपाशी थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तेहेतीस साली, उपासमारीत, गाडीवान रोज मढी घेऊन इथं यायचा. आपली उस्त्या इथंच आहे." उस्त्या म्हणजे आईची धाकटी बहीण. चार वर्षांची असताना भुकेने गेली. "कुणाला बोलायचं नाही," आईने बजावले, आणि दोघी घरी आल्या.

पुढे काळ बदलला, त्या उपासमारीबद्दल बोलायची बंदी उठली. १९३३ साली भुकेने मेलेल्यांसाठी क्रॉस उभारायचा म्हणून पंचायतीची माणसे दारात आली, जागा विचारू लागली. आई चुलीजवळ बसली होती. म्हणाली, "मला काही आठवत नाही." मोत्रिया तिथेच उभी होती. आईच्या तोंडावर ती काय बोलणार? क्रॉस दफनभूमीत उभा राहिला. त्याच्याखाली कुणीच नव्हते. पुढे मोत्रियाने नाशपातीचे सांगितले, ते फक्त याव्दोखाला.

चढ चढून ती वर पोचली तेव्हा तिचा श्वास फुलला होता. मशीनचा दात जमिनीला लागायचाच बाकी होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ओ मावशी! बाजूला व्हा!" एक थोराड सार्जंट धावत आला. दानिलो त्याचे नाव. लढाईआधी तो घरोघरी फरश्या बसवायचा. "दिसत नाही का, वर काय फिरतंय? आमच्याबरोबर तुम्हीपण जाल!"

"मशीन थांबव, बाळा."

"शेत तुमचं आहे का? भरपाईचं नंतर बघू."

"शेत नाही रे. खाली माणसं आहेत."

दानिलोचा चेहरा बदलला. "सुरुंगानं मेलेली?"

"उपाशी मेलेली. तेहेतीस सालची."

दानिलोने हात वर केला. मशीन बंद झाले. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत वरची बारीक भुणभुण स्पष्ट ऐकू येऊ लागली. सगळ्यांनी झाडाच्या आडोशाला अंग चोरले. नाशपातीला नुकताच बहर आला होता; पांढऱ्या पाकळ्या एकेकाच्या खांद्यावर पडत होत्या. भुणभुण ओढ्यापलीकडे गेली, तेव्हा कुठे दानिलो बोलला.

"मावशी, मी पण याच मुलखातला. आमच्या घरातही गेलेत तेव्हा. पण ऐका माझं. उंचवटा हा एवढाच. खाली सरकलो तर दोन दिवसांत खंदकात पाणी भरेल, आणि समोरून आमची टाळकी मोजता येतील त्यांना. मला फक्त जागा सांगा. झाडाच्या डावीकडं की उजवीकडं?"

मोत्रिया बघत राहिली. आई उभी होती ती चक्कीकडे तोंड करून, की चर्चकडे? तेव्हा इथे तीन झाडे होती, आता एकच उरले होते. हे त्यांतले कोणते? इतकी वर्षे जे मनात जपले, ते विचारल्याबरोबर हातातून निसटत होते. डावीकडे, असे तिच्या ओठांवर आले होते.

याव्दोखाने तिचा दंड धरला आणि कानाशी लागली. "सगळा उतार म्हण. अख्खा! जातील खाली मुकाट्यानं. तुझं काय जातंय?"

तिचे काय जात होते? तिचा मुलगा यारेमा दुसरे वर्ष आघाडीवर होता. कुठे, ते तो सांगत नसे. मागच्या फोनवर म्हणाला होता, "आई, पायमोजे पाठव, इथं गुडघाभर चिखल आहे." त्यालाही कुणीतरी खंदकाची जागा दाखवली असेल. कुणी दाखवली असेल? नीट बघून, की कुणाच्या सांगण्यावरून? तो फोन येऊन आठवडा उलटला होता.

"मला नक्की माहीत नाही," मोत्रिया म्हणाली. हे बोलायला तिला जेवढा जोर लागला, तेवढा चढ चढायलाही लागला नव्हता. "आईनं एकदाच दाखवलं. मी लहान होते. डावीकडं वाटतं, पण खोटं कशाला सांगू, नक्की नाही."

"मग काय करायचं?" दानिलो चिडला. "मला संध्याकाळपर्यंत आत शिरायला जागा पाहिजे, मावशी!"

"फावडी घ्या. आधी हातानं बघा, दोन्हीकडं. मला पण एक द्या."

"तुम्ही घरी जा."

"नाही जाणार."

दानिलोने तिच्याकडे बघितले, काहीतरी पुटपुटला आणि चार जणांना हाक मारली. त्यांनी आधी डावीकडे खणले. काळी माती, मग पिवळी, मग चिकण. काहीच नाही. एका पोरसवदा शिपायाने कपाळावरचा घाम पुसला. "मावशी, झाड तरी हेच ना?" दोनदा भुणभुण परत आली, दोनदा सगळे झाडाखाली गोळा झाले. दुसऱ्या वेळी ओढ्यापलीकडे स्फोट झाला आणि याव्दोखा गुडघ्यांवर बसून देवाचे नाव घेऊ लागली. आपल्या एका शब्दापायी ही चार पोरे उघड्यावर उभी आहेत, एवढेच मोत्रियाच्या मनात फिरत होते. यातल्या एकाला जरी काही झाले, तर त्याच्या आईला काय सांगायचे? आठवणीपायी, असे?

उजवीकडे फावडे फार खोल गेलेच नाही. पोरसवदा शिपाई एकदम थांबला आणि त्याने शिरस्त्राण काढले.

मोत्रिया पुढे झाली. हाडे एकमेकांवर आडवीतिडवी पडली होती, जशी गाडीतून ओतली असावीत तशी. त्यांत लहान हाडेही होती. तिने वाकून बघितले, पण हात लावला नाही. उस्त्या कोणती, हे आता देवालाच ठाऊक. माणसे डावीकडे आहेत असे आपण छातीठोकपणे सांगितले असते, तर मशीनने इथूनच वाट काढली असती, हे तिच्या लक्षात आले. दानिलो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"झाकू, मावशी?"

"झाक, बाळा."

त्यांनी माती हातांनीच परत लोटली. मग मशीन सुरू झाले आणि खंदक झाडाच्या डावीकडून, जरासा वाक घेऊन पुढे गेला. दानिलो म्हणाला, "बरंच झालं. सरळ खंदक वाईटच असतो."

उन्हे कलली तेव्हा दोघी बायका घरी जाऊन भाकरी, खारवलेली काकडी आणि लसूण घालून मुरवलेली डुकराची चरबी घेऊन परत आल्या. पोरे नव्या खंदकात उतरून बसली होती. यारेमाचा फोन अजून आला नव्हता. मोत्रिया पुन्हा पुन्हा एप्रनच्या खिशातला फोन चाचपत होती.

दानिलोने भाकरी मोडली. पहिला तुकडा तोंडात न घालता त्याने वर हात करून, खंदकाच्या काठापलीकडे, उजव्या बाजूला हाडांवर लोटलेल्या ताज्या मातीवर ठेवला. दुसऱ्याने ठेवला, मग तिसऱ्याने, मग त्या पोरसवदा शिपायाने.

मोत्रियाच्या घरात भाकरीचा कण कधी खाली राहिला नव्हता. टेबलावर सांडलेला चुरा आई तळहाताने गोळा करून तोंडात टाकायची, आणि तीच सवय मोत्रियाच्या हाताला लागली होती. आताही ते तुकडे उचलायला तिचा हात आपोआप पुढे झाला. मग तिने तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली. पाकळ्या पडत होत्या, भाकरीवर आणि मातीवर.