डाळिंबीतलं निळं

"लालाची चार मापं, पिवळ्याचं एक गं,
निळ्याचं नुसतं नाव, शहाणी माझी लेक गं..."

वाफेतून तो आवाज यायचा. अण्णा, माझे वडील, रंगाच्या टाकीवर वाकून सुताच्या लडी काठीने खालीवर करायचे. मी सहा वर्षांची, उपड्या बादलीवर बसून पाय हलवत ऐकायची. डाळिंबी रंगाचं ते गाणं होतं. प्रत्येक रंगाचं एकेक होतं, आणि सगळी त्यांनीच रचलेली. कागदावर कधी एक आकडा लिहिला नाही त्यांनी.

पुढे मोजणी करणारं यंत्र आलं. पडद्यावर रंगाचं नाव दाबायचं, की नळ्यांतून लाल, पिवळं, निळं थेंबाच्या हिशेबाने टाकीत उतरायचं. अण्णा तीन दिवस यंत्रासमोर खुर्ची टाकून बसले. एकेक गाणं मनात म्हणत त्यांनी बेचाळीस रंगांचे आकडे भरले. त्या संचाला मी नाव दिलं, 'अण्णा'. पडद्यावर स्वतःचं नाव बघून ते लाजले होते.

चार वर्षांपूर्वी एका विणकरीण बाईने चाळीस किलो सूत परत आणलं. "डाळिंबी सांगितलं होतं हो, हे तर वांगी झालंय!" मी यंत्र उघडून बघितलं. डाळिंबीत निळ्याचं 'नुसतं नाव' म्हणजे अर्धं माप, ते दोनवर गेलेलं. अण्णांनीच वाढवला होता. विचारलं, तर म्हणाले, "कंपनीची निळी पूड पातळ झालीये. उठतच नाही रंग. आपण वाढवायला नको?"

त्याच आठवड्यात त्यांनी गडद निळ्या लडी काळ्यांच्या गठ्ठ्यात बांधल्या. भर दुपारी, खिडकीच्या उजेडात.

मला काय कळायचं ते कळलं.

ज्या माणसाकडे अख्ख्या बाजाराने रंग पारखायला लडी आणल्या, त्याला कुठल्या तोंडाने सांगू? मी यंत्रात दुसरा संच तयार केला, 'चालू' नावाचा. त्यात जुने, खरे आकडे भरले, आणि पूड बदलेल तसे मीच हात फिरवत गेले. सकाळी अण्णा यायचे, मोठ्या भिंगाने पडदा बघायचे, 'अण्णा' हे नाव दिसलं की समाधानाने मागे जाऊन लडी सोडवायला बसायचे. ते वळले की मी 'चालू' दाबायची. दोनचार महिन्यांनी कुरकुरत आपल्या संचात निळं आणखी वाढवायचे. वाढवा म्हणायची मी. दोनाचे चार झाले, चाराचे सात.

आमच्याकडे लडी सोडवायला येणाऱ्या मावशीला सगळं ठाऊक होतं. ती एकदाच म्हणाली, "तू बापाला लहान मूल केलंस गं." मी कामात असल्यासारखं केलं.

काल यंत्राच्या कंपनीचा मिस्त्री आला. टक्कल, कपाळावर चष्मा, हातात फुगलेली बॅग. जुनं सॉफ्टवेअर सारखं अडकायचं, नळ्यांच्या नव्या झडपांशी त्याचं जमेना. अपग्रेड करायचं म्हटल्यावर अण्णा सकाळी आठपासून खुर्ची टाकून बसलेले.

"माझे आकडे जाता कामा नयेत बरं का."

"नाही जाणार, काका. आधीच्या सेटिंग तशाच राहतात. घर रंगवलं म्हणून भांडी थोडीच बाहेर फेकतो आपण?"

"रंगाऱ्यांचा काय भरवसा," अण्णा म्हणाले. मावशी खुदकन हसली. अण्णाही हसले. छान सकाळ होती.

मिस्त्रीने वायर जोडली, चष्मा नाकावर घेतला आणि थांबला.

"ताई, इथे दोन संच दिसतायत. नव्यात एका यंत्राला एकच राहतो. कुठला ठेवू?"

"दोन कसले?" अण्णा म्हणाले. "एकच आहे. माझा."

मावशीचा हात लडीत तसाच राहिला. मी मिस्त्रीकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. बरीच घरं, बरेच कारखाने फिरलेला माणूस तो. झडपा दाखवायच्या निमित्ताने मला यंत्राच्या मागे घेऊन गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दुसऱ्या संचाला काकांचं नाव देतो, पहिला काढून टाकतो. नाव त्यांचं, आकडे तुमचे. काम नीट चालेल, कुणी दुखावणार नाही."

किती सोपं होतं! चार वर्षांची लपवाछपवी एका बोटाने मिटणार होती. मी मान हलवणारच होते.

"पोरी," पलीकडून अण्णांनी हाक मारली. "दुसरा संच कसला आहे, तो मला वाचून दाखव. भिंगातूनही हल्ली अक्षरं धावतात."

"चाचणीचा असेल काहीतरी, अण्णा."

"असू दे. पुसायच्या आधी एकदा कानावरून जाऊ दे. डाळिंबीपासून वाच."

मी पडद्यासमोर उभी राहिले. अण्णांनी डोळे मिटले, जुन्या सवयीने मान किंचित तिरकी केली. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं हलत होती. इतकी वर्षं मी त्या डोळ्यांकडे नीट बघायचंच टाळत होते.

"लाल, चार."

"बरोबर."

"पिवळं, एक."

"हं. हा तर माझाच दिसतोय की. पुढे?"

यंत्राचा पंखा घरघरत होता. मिस्त्रीने माझ्याऐवजी बोलायला तोंड उघडलं. मावशीने त्याला हातानेच गप्प केलं.

"पुढे, पोरी? निळं?"

मला सात म्हणता आलं असतं. ते खूश होऊन चहा मागवणार, मिस्त्री बटण दाबणार, आणि उद्या सकाळी अण्णा पुन्हा भिंग घेऊन आपलं नाव शोधत बसणार. त्यांच्यापुढची अक्षरं आणखी थोडी धावणार.

मी खाली बसले. त्यांचा गुडघा धरला. त्यांनी डोळे उघडले.

"अर्धं, अण्णा. निळ्याला अर्धं. तुमच्या संचात ते सातवर गेलंय, आणि तुमचे ते आकडे चार वर्षांत मी एकदाही टाकीत उतरू दिले नाहीत. रोज तुमची पाठ वळली की मी माझे चालवते. पूड पातळ झालेली नाही. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून निळं नीट दिसत नाही. निळ्या लडी काळ्यात बांधल्यात ना, त्या दिवशीच मला कळलं होतं. तेव्हाच बोलले असते तर तेव्हाच डॉक्टरांकडे गेलो असतो. तुमचं मन राखायचं म्हणून मी गप्प बसले, अण्णा, आणि तुम्हाला अंधारात जाऊ दिलं."