दारात न मावलेला झोळीचा स्टँड

मित्रांनो, मी जुना आहे असं कसं म्हणू? जुने आहेत ते माझे पाइप. भांडुपच्या एका सोसायटीने पाण्याची लाइन बदलली, तेव्हापासून ते जिन्याखाली गंजत पडले होते. तिथेच राहणाऱ्या जयंतीने ते उचलले, ते तिच्या बाबांसाठी.

बाबा म्हणजे काशीराम. गावी एकटे नकोत म्हणून तिने त्यांना मालवणहून आणलं होतं. पण दोन माडांमध्ये झोळी बांधून दुपारी झोपणारा माणूस इथे पंख्याखाली नुसता कुशी बदलायचा. शेवटी त्यांनी पिशवी भरली.

"माका हंय झोप येणा नाय. मी गावाक जातंय."

"आणि तिथे पडलात तर? कोण बघणार? रविवारपर्यंत थांबा, बाबा."

सोसायटीत झाडं होती, पण झाडांना दोर बांधायला मनाई. म्हणून जयंती हॉलमध्येच मला, म्हणजे झोळीच्या स्टँडला, जोडायला लागली. खाली लांब आडवा पाइप, टोकांना तिरके खांब, कलंडू नये म्हणून पाय आणि ताडपत्रीसाठी दोन उंच काठ्या. ताडपत्री उन्हासाठी, असं ती म्हणायची. खरी भीती कबुतरांची. नट सुटू नयेत म्हणून तिने बोल्टांची टोकंसुद्धा ठोकून चपटी केली.

"झकास, आई!" तिची लेक अबोली म्हणाली. "पण हा दारातून जाणार कसा?"

जयंतीने दाराकडे पाहिलं. मीही.

"आता घर पाड गो," काशीराम म्हणाले.

मग करवतीने बोल्ट कापले. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्या चुकीमुळेच मी सुटा झालो. नवे बोल्ट आणि हाताने फिरवायचे नट बसले आणि माझी मोळी लिफ्टमध्ये ऐटीत उभी राहिली.

खाली आवारात आल्यावर जयंतीने झोळी ताणून बांधली, आधी स्वतः बसून पाहिली आणि थेट पलीकडे आपटली.

"कपडे वाळत घालतलंस काय? झोळयेक पोट व्हया!" हसत हसत काशीरामांनी दोर सैल केला आणि ते आडवे झाले. थोड्या वेळाने माझे पाइप त्यांच्या घोरण्याने थरथरू लागले.

संध्याकाळी उठल्यावर त्यांनी गावच्या शेजाऱ्याला, धाकूला, फोन लावला. "नारळ तूच उतरव रे. माका इतक्यात येवक जमाचा नाय."

जयंती तोंड फिरवून ताडपत्रीच्या घड्या घालत राहिली. एकच ताडपत्री, पण घड्या काही संपेनात.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. ताडपत्री ओली गुंडाळू नका, नटांना अधूनमधून तेल द्या. आणि सध्या जरा हळू बोला. काशीराम झोपलेत.